बोट कुठे ठेवायचं?

नातवाचा किंवा भाचीचा वाढदिवस जवळ आला की पुस्तकांच्या दुकानात एक संवाद हमखास ऐकू येतो. आजोबा किंवा मावशी विचारतात, “तीन वर्षांच्या मुलासाठी काहीतरी द्या. जरा शिकण्यासारखं द्या हं.” दुकानदार बिचारा अंकलिपी, फळाफुलांचं पुस्तक नाहीतर तात्पर्यासह छापलेल्या गोष्टी पुढे ठेवतो. पुस्तक घरी येतं आणि सुरू होते तोंडी परीक्षा. “हे काय? ह्याचा रंग कोणता? इंग्लिशमध्ये काय म्हणतात सांग.” चौथ्या पानाला मूल उठून जातं. मग घरातली मोठी माणसं निकाल देऊन टाकतात, “आमच्या बाळाला पुस्तकांची आवडच नाही.” एवढ्याशा जिवावर हा शिक्का बसण्याआधी ते पुस्तकच जरा तपासून पाहायला नको का?

अंकलिपीशी माझं भांडण नाही. ऐरणीचा ‘ऐ’ आणि औताचा ‘औ’ ही आपली जुनी सोबत आहे, मग मुलानं ऐरण कधी पाहिलेली असो वा नसो! पण तिचं काम वेगळं. गोष्टीच्या चित्रपुस्तकात शब्द थोडं सांगतात आणि उरलेलं चित्र सांगतं. समजा, पानावर छापलंय, ‘बंडू झोपला.’ चित्रात मात्र बंडूचा एक डोळा किलकिला आहे आणि मागे मांजर दुधाच्या पातेल्याकडे निघालंय. तुम्ही ‘बंडू झोपला’ असं वाचता आणि मुलाचं बोट थेट मांजरावर जातं. वाचता न येणाऱ्याला वाचणाऱ्यापेक्षा जास्त कळलेलं असतं. हा मान मुलाला घरात दुसरीकडे कुठे मिळतो, सांगा बरं!

म्हणून दुकानात एक करून पाहा. मजकुरावर तळहात ठेवा आणि नुसती चित्रं पाहत पानं उलटा. काहीतरी घडताना दिसलं पाहिजे. माणसांच्या चेहऱ्यांवर राग, भीती, लबाडी दिसली पाहिजे. चित्राच्या कोपऱ्यात बोट ठेवावंसं वाटेल असं काही असलं पाहिजे. पानोपानी तेच गुलाबी गालांचं, डोळे मोठे केलेलं हसरं बाळ असेल, तर पुस्तक कितीही चकचकीत असो, परत ठेवा.

मराठीत असं काम झालेलं आहे. माधुरी पुरंदरे यांचं नाव इथे सगळ्यात आधी घ्यायला हवं. लिहिणारा हात आणि चित्र काढणारा हात एकच असला की शब्द किती कमी लागतात, हे त्यांच्या ‘राधाचं घर’ या मालिकेत दिसतं. आई, बाबा, आजी, आजोबा यांची ओळख चिमुकली राधा करून देते. यात पऱ्या नाहीत, राक्षस नाहीत. आपल्या ओळखीचं घर आहे. मुलाला आपलं घर पुस्तकात सापडतं, हे मला फार मोलाचं वाटतं. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पण पुरस्कार मोठ्यांसाठी असतात, मुलं राधा बघतात.

त्यांच्याच ‘चित्रवाचन’मध्ये सगळा भर चित्रांवर आहे. अशी पुस्तकं हातात घेतली की पुष्कळ लोक म्हणतात, “ह्यात वाचायला काय आहे?” मला वाटतं, आपल्याकडच्या घरांना अशाच पुस्तकांची गरज जास्त आहे. शाळेत न गेलेली आजी, इंग्रजी शाळेत जाणारा नातू आणि मध्ये एक चित्र. आजी तिच्या बोलीत सांगेल, मालवणीत, वऱ्हाडीत, अहिराणीत. चित्रातल्या बाजाराला ती आपल्या गावच्या आठवडी बाजाराचे भाव लावेल. नातू मध्येच तिला अडवेल. इथे कुणी अडाणी नाही आणि कुणी हुशार नाही. परदेशातल्या मराठी घरांत, जिथे मुलांना देवनागरी अडते, तिथेही हीच पुस्तकं उपयोगी पडतात.

शब्द असतील तर ते मोठ्यानं वाचून पाहा, दुकानात जरा लाज वाटली तरी. ‘तत्क्षणी त्याच्या मनात विचार आला’ असं वाक्य तीन वर्षांच्या मुलासमोर कोण बोलतं? भाषांतरित पुस्तकांत हे फार आढळतं. चित्रं सुरेख आणि मराठी सरकारी परिपत्रकासारखं! तुमची जीभ जिथे अडखळते, तिथे मुलाचा कानही अडखळतो.

वयाचं गणित फार काटेकोर नको. वर्षा-दीड वर्षाच्या बाळाला जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची पानं द्यावीत, कारण ते पुस्तक आधी चावून बघणार. पुढे रोजच्या आयुष्यातल्या आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळींच्या गोष्टी द्याव्यात. चार-पाच वर्षांच्या मुलाला कोडं, फजिती, थोडी भीतीसुद्धा चालते.

पैशांचा प्रश्न खरा आहे. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टनं परवडणाऱ्या किमतीत मुलांची पुस्तकं काढली. आपल्या रूपावर नाराज असलेल्या रूपा हत्तिणीचं मिकी पटेल यांचं पुस्तक त्यातलंच. दुसऱ्या प्राण्यांचे पट्टे-ठिपके अंगावर आल्यावर तिचं काय होतं, ते चित्रातच पाहायला हवं. ‘प्रथम बुक्स’नं २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर तर मराठी चित्रकथा फुकट मिळतात. फक्त फोन मुलाच्या हातात देऊन आपण स्वयंपाकघरात निघून जाऊ नये. पुस्तक मांडीवर असो की पडद्यावर, शेजारी माणूस हवं.

आणि आणलेलं पुस्तक काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवू नका. मुलाचा हात पोहोचेल अशा खालच्या फळीवर, मुखपृष्ठ दिसेल असं ठेवा. ते फाटणार आहे. फाटलं की चिकटपट्टी घ्या, मुलाला शेजारी बसवा आणि दोघं मिळून जोडा. मांजराचं शेपूट नीट जुळलं की नाही, ते तोच तुम्हाला सांगेल.