खोताची ओटी



गणपतीपुळ्याला गेलं की देऊळ, मग समुद्र, मग मोदकांसकट जेवण आणि परतीची गाडी, हा आपला ठरलेला क्रम. या खेपेला त्यातून तासभर काढा आणि देवळापासून किलोमीटरभरावर असलेलं ‘प्राचीन कोकण’ बघून या. पाचशे वर्षांपूर्वीचं कोकणी खेडं तिथे झाडांच्या सावलीत, उघड्यावर मांडलंय. माणसाच्या उंचीचे पुतळे, बारा बलुतेदार आपापल्या कामात, खोताचं घर; आणि सगळं समजावून सांगायला माहितगार सोबत.

उघड्यावरच्या संग्रहालयांची ही रीत जुनी. स्टॉकहोमचं ‘स्कान्सेन’ १८९१ सालचं. अमेरिकेत टेक्सासमध्ये जर्मन शेतकऱ्यांचं ‘सॉअर-बेकमन’ नावाचं शेतघर जपलंय. तिथे पुतळे नाहीत. शंभर वर्षांपूर्वीच्या पोशाखात माणसंच गाई दोहतात, लोणी काढतात, लाकडं पेटवून रांधतात. 

आपल्याकडेही असं हातानं करून बघता आलं तर? एक घिरट, म्हणजे भात भरडायचं जातं, मांडावं. वरून मूठमूठ भात सोडायचं, दोघांनी खुंटा धरून ते फिरवायचं, सुपानं पाखडून तूस उडवायचं आणि मग उखळात मुसळानं तांदूळ सडायचा. दहा मिनिटांत दंड भरून येतात. एवढं केलं, की घरच्या ताटात भात टाकताना पोराचा हात जरा अडखळेल.

आणि ‘प्राचीन कोकण’मधल्या त्या खोताबद्दल, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराबद्दल. घर देखणं असतं, ओटी ऐसपैस असते, पण ती कुणाच्या जिवावर? अर्धेलीनं पीक द्यायचं, वर वेठीला जायचं, हे कुळांचं जिणं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती मोडण्याचं बिल मांडलं; प्रत्यक्षात ती मोडली १९४९ च्या कायद्यानं. म्हणून मला तिथे आणखी एक पुतळा हवा: ओटीच्या खाली, अंगणात, भाताचं ओझं डोक्यावर घेतलेलं कूळ. पोरं विचारतील, हा वर का नाही बसत? माहितगाराला उत्तर द्यावंच लागेल.