न दुखणारी गाठ



अंगावर गाठ आली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : “दुखते का?” नाही म्हटले, की विचारणारा सांगतो, “मग राहू दे, चरबीची असेल.” बहुधा त्याचे म्हणणे खरेही ठरते. कातडीखाली किंवा मांसात येणाऱ्या गाठींपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. तशा शंभरांमागे कर्करोगाची एखादीच निघते. पण ती एकसुद्धा पुष्कळदा दुखत नाही! म्हणून गाठ दुखत नाही एवढ्यावर विसंबू नये, हे आज सांगावयाचे आहे.

मग पाहावे तरी काय? गाठ वाढते आहे का? पाच सेंटीमीटरांहून, म्हणजे मोठ्या लिंबाहून, मोठी झाली आहे का? हाताला खोल मांसात रुतल्यासारखी लागते का? एकदा काढलेली त्याच जागी पुन्हा आली का? यांतल्या एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर डॉक्टरांकडे जावे. नव्याने दुखू लागली तरीही जावे.

समजा, एखाद्या शेतकऱ्याच्या मांडीत खोलवर गाठ आहे. तो म्हणतो, “बैलानं लाथ मारली होती, त्याचं रक्त साकळलंय.” असेलही. पण साकळलेले रक्त हळूहळू ओसरायला हवे. ही तर वाढते आहे. कधी कधी असे होते, की गाठ आधीचीच असते, मार लागल्यावर तिच्याकडे लक्ष जाते, इतकेच.

वरवरच्या लहान गाठीचे बहुधा सोनोग्राफीवर भागते. गाठ खोल किंवा मोठी असली, की डॉक्टर एम. आर. आय. करायला सांगतात. या यंत्रात क्ष-किरण नाहीत. त्यात एक मोठे लोहचुंबक असते. नेहमीच्या यंत्रातले पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट जोरदार. आपल्या शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन असतो. रेडिओची सुई केंद्रावर आणली की आवाज येतो ना, तशाच बरोबर जुळणाऱ्या रेडिओलहरी सोडल्या, की हा हायड्रोजन मंद असे उत्तर देतो. पाण्याचे उत्तर निराळे, चरबीचे निराळे. त्यावरून संगणक चित्र काढतो. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी पाण्याच्या दोन नळ्यांचे असे चित्र प्रसिद्ध केले. पुढे २००३ साली त्यांना आणि पीटर मॅन्सफील्ड यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

या चित्रात काय दिसते? चरबीची साधी गाठ बहुधा ओळखू येते. यंत्रावर चरबीचे उत्तर दाबून टाकता येते. तसे केले, की कातडीखालची चरबी आणि गाठ दोन्ही सारख्याच काळ्या होतात. गाठीत जाड पडदे किंवा न विझणारे गोळे राहिले, तर मात्र संशय धरतात. पाण्याची गाठ ओळखण्यासाठी शिरेतून एक औषध देतात. खऱ्या पाण्याच्या गाठीची फक्त कड उजळते, आतला भाग उजळत नाही. काही कर्करोग पाण्यासारखेच दिसतात. पण त्यांचा आतला भाग या औषधाने उजळतो.

तरीही हे चित्र म्हणजे शेवटचा निकाल नव्हे, बरं का. गाठीची कड स्वच्छ दिसली म्हणून ती निरुपद्रवी असे ठरत नाही. कर्करोगाची गाठही भोवतालचे मांस दाबून स्वतःभोवती खोटे वेष्टण तयार करते. अशा वेळी सुईने बारीक तुकडा काढून तपासावाच लागतो. पण क्रम पाळावा : आधी चित्र, मग सुई, आणि शस्त्रक्रिया सर्वांत शेवटी. सुई आधी घातली तर आत रक्त येऊन चित्र बिघडते. शिवाय सुई कोठून घालावी, हे चित्रावरूनच ठरते. “लहानशीच आहे, आताच काढून टाकू,” म्हणून घाईने कापलेली गाठ कर्करोगाची निघाली, तर पुढची शस्त्रक्रिया अधिक मोठी करावी लागते.

तपासणीला साधारण अर्धा-पाऊण तास स्वस्थ पडून राहावे लागते. यंत्राचा ठकठक आवाज मोठा होतो. त्याला भिऊ नये. दागिने, नाणी, किल्ल्या बाहेर ठेवाव्यात. हृदयात पेसमेकर असेल, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा दिवस गेलेले असतील, तर ते आधी सांगावे.

शिक्षक बंधू-भगिनींनो, गावात दवाखान्याचा कागद वाचून घ्यायला लोक आपल्याकडे येतात. अशा माणसाला गाठ चोळू देऊ नका, तिच्यावर डाग घेऊ देऊ नका. आणि सगळे कागद, चित्रांसकट, एका पिशवीत घालून त्याच्या हाती द्या; पुढच्या डॉक्टरांना आधीचे चित्र पाहावयास मिळणे फार महत्त्वाचे असते. गाठ साधी निघाली, तर एक फेरी वाया गेली असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. घरी परतताना माणूस निर्धास्त असेल.