जुन्या होडीचे मोल



जुनी वस्तू घेणाऱ्याच्या मनात दोन प्रश्न असतात. ती आणखी किती काळ टिकेल? आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क तर उरलेला नाही ना? पापुआ न्यू गिनीच्या पूर्व टोकाकडील मिल्ने बे प्रांतात शिडाच्या होड्या एका बेटावरून दुसऱ्या बेटावर हस्तांतरित होत आल्या आहेत. तेथे ह्या प्रश्नांची उत्तरे काहीशी निराळी मिळतात.

ह्या होड्यांना उलांडी असते. कोकणच्या मच्छीमारांना ती अपरिचित नाही. होडीच्या एका अंगास आडव्या दांड्यांनी जोडलेला हा ओंडका तिचा तोल सांभाळतो. तेथील जुन्या पद्धतीच्या होड्यांत उलांडी सदैव वाऱ्याच्या बाजूस ठेवतात. दिशा पालटताना शीडच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेले जाते आणि पिछाडीची नाळ होते. साहजिकच लाटांचा मारा दोन्ही टोकांना सोसावा लागतो.

ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की ह्या मानवशास्त्रज्ञाने ट्रोब्रिअँड बेटांतील होड्यांची बांधणी १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सविस्तर वर्णिली आहे. कोरलेल्या खोडावर फळ्या चढवीत, सांधे वेलींनी आवळीत आणि फटी बुजवीत. दूरच्या सफरीपूर्वी जुन्या होडीचेही बंध नव्याने आवळले जात. म्हणजे सैल झालेला बंध हा होडीचा शेवट नव्हे. खोड कुजले, तर मात्र इलाज नसतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे लाकडातच दडलेले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गावा नावाच्या लहानशा बेटावर सापडते. नॅन्सी मन ह्या विदुषीने १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याचा मागोवा घेतला आहे. गावातील कुळे होड्या बांधतात, परंतु त्या स्वतःपाशी ठेवीत नाहीत. होडी प्रथम बेटावरील नातलगांकडे आणि मग समुद्रापलीकडील सहकाऱ्यांकडे जाते. तेथून ती दक्षिणेकडे आणखी पुढच्या हाती पडते. वाटेत तिच्या बदल्यात खाद्यपदार्थ येतात. खरा मोबदला म्हणजे शंखाचे बाहुभूषण. ते त्याच साखळीतून, उलट्या वाटेने, बांधणाऱ्या कुळाकडे परतावे अशी अपेक्षा असते. त्याला वर्षे लागतात.

मॅलिनोव्स्कीने दाखविल्याप्रमाणे ही माणसे घासाघीस करून होणारी अदलाबदल आणि कुलाची देवघेव ह्यांत काटेकोर भेद करतात. कुलात किंमत ठरवून मागता येत नाही. मधल्याच एखाद्याने शंखभूषण भलत्या वाटेला लावले, तर दाद मागण्यास न्यायालय नसते. असतो तो केवळ नावलौकिक, आणि तो गमावण्याचे भय.

ह्या व्यवहारातील जोखीम येथेच आहे. होडी नाशवंत असते. मोबदला येण्यापूर्वीच ती एखाद्या दूरच्या किनाऱ्यावर कुजून गेलेली असू शकते. तरीही देणे कुजत नाही. ते फिटले की बांधणाऱ्याचे नाव शंखाबरोबर पुढे फिरत राहते.

आज लुईझिएड द्वीपसमूहात कापडी किंवा प्लास्टिकची शिडे लावलेल्या होड्या दिसतात, आणि पैशाचाही शिरकाव झाला आहे. तरीसुद्धा जुन्या होडीपाशी उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाने लाकूड ठोकून पाहावे आणि तिच्यामागची माणसेही ओळखून घ्यावीत, हा धडा कोणत्याही किनाऱ्यावर उपयोगी पडण्यासारखा आहे.