भाड्याआधी बातमी

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



घरमालकाला चांगल्या कारभाऱ्याकडून काय हवे असते, यावर मी बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले. मी काही विदुषी नव्हे. पण सदाशिव पेठेतल्या एका जुन्या घराची मालकीण आहे आणि या बाबतीत एकदा ठेच खाल्ली आहे. तीच सांगते.

यजमान गेल्यावर दोन वर्षे मी मुलीकडे नागपूरला होते. पाच बिऱ्हाडांचे घर एका गृहस्थांवर सोपविले होते. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भाडे बँकेत जमा! तक्रार म्हणून कधी नाही. चारचौघींत मी त्यांची तारीफ करी. पुढे एका श्रावणात न कळवता आले. माडीवरच्या आजींनी अंथरूण स्वयंपाकघरात हलविले होते. निजायच्या खोलीत गळतीखाली बादली, भिंतीला ओल आणि तुळई बोटाने उकरावी इतकी कुजलेली. आजी म्हणाल्या, "चार वेळा सांगितलं हो तुमच्या माणसाला. तुम्हालाच करायचं नाही, असं समजलो आम्ही."

कारभाऱ्यांना जाब विचारला, तर ते शांतपणे म्हणाले, "बाई, किरकोळ गोष्टींसाठी फोन करू नका, असं तुम्हीच सांगितलं होतंत."

खरेच, मीच सांगितले होते! कौले सारखी करून भागले असते, तिथे तुळई बदलावी लागली. पैसे गेले त्याचे काही नाही; पण आजी त्या तुळईखालीच निजत राहिल्या असत्या तर? त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

आता काम पाहणाऱ्या बाईंना मी पहिल्याच दिवशी सांगितले, "भाडे चार दिवस उशिरा आले तरी चालेल; बातमी उशिरा येता कामा नये."

बाकीच्या अपेक्षा साध्या आहेत. प्रत्येक रुपयाची पावती द्यावी, अनामत रकमेची नोंद वेगळी ठेवावी, मोठ्या दुरुस्तीला दोन ठिकाणचा अंदाज घ्यावा. आणि कायदा माहीत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. भाड्याची पावती देणे बंधनकारक आहे. घर पाहायला जायचे तर आधी सूचना द्यावी लागते. भाडे थकले म्हणून पाणी-वीज तोडता येत नाही. कारभाऱ्याने असले काही केले, तर 'मला ठाऊक नव्हते' म्हणून मालकिणीला हात झटकता येतील काय?

पण भगिनींनो, मागण्यापूर्वी देणेही आले. ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती मला न विचारता करण्याची मुभा मी त्या बाईंना दिली आहे. त्यांचा मेहनताना वेळेवर देते. आणि वाईट बातमी घेऊन त्यांचा फोन आला, की आधी 'बरे झाले कळवलेत' म्हणते, मग खर्चाचे विचारते. वाईट बातमी सांगणाऱ्यावर आपण चिडलो, तर पुढल्या वेळी तो गोडच सांगणार!

गेल्या पावसाळ्यात आजी आपल्या खोलीत, आपल्या खाटेवर निजल्या. माझ्या लेखी कारभार चांगला असल्याची खूण तीच.