पडद्यापलीकडचा खेळाडू



बुद्धिबळाच्या पटावर एक गोष्ट कधीच घडत नाही. राजा मारला जात नाही. वजीर, हत्ती, उंट, घोडे, प्यादी सगळी पटाबाहेर जातात. पण राजाला शह बसला, पळायला घर उरलं नाही, की डाव तिथंच थांबतो. 'शाह मात' या फारसी शब्दांचा एक अर्थ सांगतात तो असा : राजा हतबल झाला. हतबल झालेल्यावर आणखी घाव घालायचा नाही, ही सभ्यता या खेळाच्या नियमातच आहे.

समोरासमोर खेळताना ती पाळणं सोपं जातं. डावाआधी हात मिळवायचा, हरलो तरी मिळवायचा. समोरच्याचा उतरलेला चेहरा दिसतो आणि आपली जीभ आपोआप आवरते.

आता तोच पट मोबाइलवर आला आहे. रात्री जेवणं आटोपली की मीही दहा-दहा मिनिटांचे एक-दोन डाव खेळतो. समोर एक टोपणनाव आणि छोटासा झेंडा, बस्स. पलीकडे शाळकरी पोर आहे की निवृत्त मास्तर, कळत नाही. मग हरायची वेळ आली की कुणी चालच करत नाही, घड्याळ संपेपर्यंत समोरच्याला ताटकळत ठेवतो. कुणी न सांगता निघून जातो. कुणी शेजारी संगणक उघडून त्यालाच चाल विचारतो. १३ जून २०२१ रोजी कोविडच्या मदतनिधीसाठी झालेल्या ऑनलाइन प्रदर्शनीय डावात एका उद्योजकानं विश्वनाथन आनंद यांना हरवलं आणि दुसऱ्याच दिवशी संगणकाची मदत घेतल्याचं कबूल केलं. डाव चांगल्या कामासाठी होता, पैज नव्हती. तरी मोह सुटला नाही.

पण मला जास्त लागते ती शिवीगाळ. माझा भाचा बारावीत आहे, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला खेळतो. त्यानं खेळातलं आपलं खरं नाव काढून एका घोड्याचं नाव घेतलं. मी कारण विचारलं तर म्हणाला, "मामू, हरले की लोक नावावरून बोलतात." चाल चुकली म्हणून नव्हे, तर नाव दिसलं म्हणून. मी गप्प राहिलो. सतरा वर्षांच्या मुलानं खेळण्यासाठी नाव लपवावं, हे काही खेळाच्या नियमात बसत नाही.

तंत्रज्ञानाला दोष देऊन भागणार नाही. लीचेस नावाचं एक मोफत संकेतस्थळ २०१० पासून चालू आहे. तिथं समोरचा अचानक गायब झाला तर थोड्या वेळानं तुम्हाला तीन गोष्टी सुचवल्या जातात : विजय घ्या, बरोबरी करा, किंवा वाट पाहा. पलीकडे वीज गेली असेल, बाळ रडत असेल. किंवा तो खरंच पळाला असेल. निवड तुमची. तिथंच आणखी एक छोटं बटण आहे. ते दाबलं की समोरच्याच्या घड्याळात पंधरा सेकंद जास्त जमा होतात. आपल्या प्रतिस्पर्ध्याला आपण वेळ देऊ शकतो! स्पर्धेचा डाव नसेल तर मी ते अधूनमधून दाबतो. त्यामुळे हरलोही आहे. झोप मात्र छान लागली.

श्रोतेहो, फार काही करायचं नाही. डाव हातचा गेला तर सरळ सोडावा. जिंकलो तर "छान खेळलात" एवढं लिहावं. पलीकडून शिवी आली तर उत्तर न देता तक्रार नोंदवावी आणि पुढचा डाव मांडावा.

माझा भाचा अजून त्या घोड्याच्याच नावानं खेळतो. स्वतःच्या नावानं खेळावंसं वाटेल असे चार प्रतिस्पर्धी त्याला भेटायला हवेत. त्यातले एक तुम्ही असू शकता.