काविळीची माळ आणि पित्तनलिकेतील खडा
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मी वैद्य नव्हे. मॅट्रिक झालेला एक निवृत्त शिक्षक आहे. तथापि जो धडा मला स्वतःच्या घरात शिकावा लागला, तो आपणांपुढे ठेवणे मी कर्तव्य समजतो.

गतवर्षी पावसाळ्यात आंबिवलीस आमच्या घरी पत्नीचे डोळे पिवळे झाले. उजव्या बरगडीखाली कळ येई. शेजारच्यांच्या सल्ल्याने गळ्यात काविळीची माळ घातली. माळ लांबू लागली, तशी कावीळ उतरते आहे असे आम्ही मानले. देठ सुकले की माळ सैल होऊन लांबते, एवढी साधी गोष्ट जन्मभर मुलांना शास्त्र शिकविणाऱ्या मला सुचली नाही! नवव्या दिवशी हुडहुडी भरून ताप चढला, तेव्हा रुग्णालय गाठले. पित्ताशयातील खडा घसरून पित्तनलिकेत अडकला होता.

यकृतात तयार होणारे पित्त या नलिकेने आतड्यात उतरते. पाटाच्या तोंडाशी धोंडा बसावा, तसा तेथे खडा बसला की पित्त तुंबून रक्तात मिसळते. लघवी गडद होते, शौचाचा रंग फिका पडतो, अंगास खाज सुटते. त्यावर थंडीताप आला, तर जीवावरचे संकट समजावे. विषाणूंची कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय माळेस मिळते. अडकलेला खडा मात्र माळेस दाद देत नाही.

पोट फाडण्याच्या भयाने पुष्कळजण दिवस काढतात. ते भय आता फारसे उरलेले नाही. तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन नलिकेचे मुख किंचित रुंद करतात व बारीक जाळीने खडा ओढून काढतात. ही रीत १९७४ साली जर्मनी व जपान येथे पुढे आली. नंतर पोटावर तीनचार लहान छिद्रे पाडून पित्ताशय काढतात. कित्येकदा नलिकेतील खडाही त्याच छिद्रांतून निघतो. भारतात पित्ताशयाची अशी पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली केली, तीही मुंबईच्या जे. जे. या सरकारी रुग्णालयात, हे विशेष.

ईश्वरकृपेने माझी पत्नी आज या सभेत बसली आहे. तेव्हा विनंती एवढीच, की डोळे पिवळे दिसताच रक्ततपासणी व सोनोग्राफी करून घ्यावी. माळ घालावयाचीच असेल, तर ती डॉक्टरांकडे जाताना वाटेत घालावी. तिच्यापायी एक दिवसही दवडू नये.