किनाऱ्याचें पाणी आणि आम्ही

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंतील भाषण)



समुद्र येथून शेंकडों कोस दूर. मग या मंगल प्रसंगीं नागपुरांत किनाऱ्याची चिंता वाहण्याचें प्रयोजन काय, असें कित्येकांच्या मनांत येईल. उत्तर आपल्या दारावरूनच वाहतें. नाग नदी आपलें सांडपाणी घेऊन कन्हानेस मिळते, कन्हान वैनगंगेस. वैनगंगा व वर्धा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरींत शिरते, आणि गोदावरीच्या मुखाशीं, काकिनाड्याजवळ, कोरिंग्याचें खारफुटीचें अरण्य उभें आहे. नागपूरकराच्या मोरीचें पाणीही अखेर समुद्राचेंच.

तथापि आज आम्हांस विशेषेंकरून सांगावयाचें आहे तें वसईविषयीं, कारण तेथें आपल्याच धर्मबंधूंची कसोटी लागली. तेथील ख्रिस्ती शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या केळी, पानवेली, फुलें व भाजीपाला यांवर जगले. त्या बागांचा प्राण विहिरींत होता. किनाऱ्याच्या भूमीखालीं पावसाचें गोड पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. त्याची पातळी समुद्राहून १ फूट उंच असली, तर खालीं सुमारें ४० फुटांपर्यंत गोड पाणी असतें. ती अर्धा फूट उतरली, कीं खारें पाणी कालांतरानें जवळजवळ २० फूट वर चढतें. हा शास्त्रज्ञांचा हिशेब. शेतकऱ्यास तो ठाऊक नसेल, परंतु बैलाच्या राहाटानें विहीर उपसून संपत नसे. पुढें पंप आले, मुंबईची वस्ती उत्तरेस सरकली, आणि नव्या इमारतींसाठीं टँकर विहिरींच्या काठीं उभे राहिले. विहिरी खारावल्या. येथें एक कटु गोष्ट आम्ही झांकून ठेवीत नाहीं: पाणी विकणारे सारे परके नव्हते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘सुवार्ते’चे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारें याविरुद्ध लोकांस उभें केलें. २०२० सालीं उस्मानाबादेस मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविणारे तेच हे. २५ जुलै २०२४ रोजीं ते ख्रिस्तवासी झाले. धर्मगुरूनें पाण्याच्या भांडणांत कां पडावें, असें विचारणारे आहेत. आम्ही त्यांस विचारतों, बाप्तिस्मा कशानें देतात? वसई सर्वस्वीं वाचली असें मात्र नव्हे. बागांच्या जागीं इमारतींच्या रांगा आहेत.

कायद्याचा आधार आहे, पण तो पातळ होत चालला. १९९१ च्या अधिसूचनेनें भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत निर्बंध घातले. २०१९ च्या अधिसूचनेनें दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरांवरून ५० वर आणिला. वसईच्याच पालघर जिल्ह्यांत वाढवण येथें सुमारें ७६,००० कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं झाली. मच्छीमारांचा विरोध त्याआधींपासूनचा. आम्ही बंदरांचे वैरी नव्हे. परंतु जेथें ज्याचीं जाळीं पडतात, त्यासच शेवटीं विचारावें, ही रीत न्यायाची नव्हे. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ च्या ‘लावदातो सी’ या परिपत्रांत धरित्रीचा व दरिद्र्यांचा आक्रोश वेगळा मानिला नाहीं, तो याचसाठीं.

आतां आपल्या अंगणाकडे वळूं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला व नाग नदी घरांत शिरली, हें आपण विसरलां नसाल. पाण्यास मुरावयास भूमि ठेविली नाहीं, कीं तें रस्त्यानें येतें. महोत्सव समितीनें देवळाचें सारें अंगण सिमेंटनें बांधण्याचा बेत आम्हांपुढें ठेविला आहे. मोटारी उभ्या करण्याची अडचण आम्ही जाणतों. मागील अंगण बांधण्यास पूर्वीं आम्हींच संमति दिली होती, आणि त्यानंतर विहीर वैशाखांत तळ दाखवूं लागली. म्हणून विहिरीभोंवतालची भूमि उघडी राहावी व देवळाच्या छपराचें पावसाचें पाणी गाळून विहिरींत सोडावें, ही आमची विनंती. समितीची बैठक येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर आहे. ज्यांचें मत निराळें असेल त्यांनीं तर अवश्य यावें.